पॉइंट कधी उघडतो? जुन्या टू-स्ट्रोकच्या टायमिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

जावा, येझदी आणि राजदूत वापरणाऱ्यांचे बरेच प्रश्न या वेळी एकाच विषयावर आले आहेत: प्लगवरची ठिणगी नेमकी कधी पडावी, म्हणजेच टायमिंग. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांच्या नावांऐवजी गावं दिली आहेत.

प्रश्न (सांगली): येझदी रोडकिंगचं इंजिन नुकतंच उघडून भरलं. आमचे मिस्त्री टायमिंग कानाने लावतात: गाडी चालू ठेवून प्लेट थोडी इकडे, थोडी तिकडे. हे काम घरी मोजून करता येईल का? कोणती हत्यारं लागतील?

उत्तर: येतं, आणि कानापेक्षा नक्कीच चांगलं येतं. रिकाम्या गाडीवर प्लेट सरकवून टायमिंग पुढे नेलं, म्हणजे ठिणगी लवकर पडू दिली, की आयडलिंग वाढतं, आवाज टणक होतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की जमलं. घाटात दोन माणसं बसवून तिसऱ्या गिअरवर इंजिन कसं वागेल, हे त्या आवाजात ऐकू येत नाही. कानाने लावलेलं टायमिंग म्हणूनच बहुतेक वेळा गरजेपेक्षा पुढे सापडतं.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. या गाड्यांत ठिणगी पडते ती पॉइंट, म्हणजे करंट जोडणारा-तोडणारा संपर्क, उघडण्याच्या क्षणी. पॉइंट मिटलेला असतो तोवर कॉइलमध्ये करंट भरत असतो. तो तुटला की प्लगवर ठिणगी येते. म्हणजे टायमिंग लावायचं याचा अर्थ इतकाच, की पिस्टन वर येताना ठरलेल्या उंचीवर असेल नेमका तेव्हा पॉइंट उघडू लागला पाहिजे. तो पूर्ण उघडलेला असण्याचा इथे संबंध नाही. निम्म्या चुका हे दोन क्षण एक समजल्यामुळे होतात.

हत्यारं फार नाहीत. 0.35, 0.40 आणि 0.45 मिमीच्या पात्या असलेला, फट मोजायचा फिलर गेज, 6 व्होल्टचा लहान बल्ब आणि त्याला दोन वायरी, पॉइंटची बारीक कानस, आणि पिस्टनची उंची मोजायला डायल गेज. प्लगच्या 14 मिमी आट्यांत बसणारा डायल गेजचा होल्डर बाजारात मिळतो. तो नसेल तर जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढा, मोकळ्या झालेल्या नळीतून सायकलचा सरळ स्पोक सोडा आणि वर आलेलं टोक व्हर्निअरने मोजा. स्पोकचं वरचं टोक वाकवून ठेवा, म्हणजे तो आत पडणार नाही. स्पोक किंवा गेज आत असताना किक मात्र मारायची नाही. इंजिन हातानेच फिरवायचं.

उजव्या बाजूचं कव्हर काढलं की डायनेमो आणि त्याच्या तोंडावरची पॉइंटची प्लेट दिसते. प्लग काढा. काढलेला प्लग कॅपमध्ये घालून त्याची बॉडी इंजिनला टेकवून ठेवा, पण भोकापासून लांब. स्विच चालू असताना तिथे ठिणगी पडणार आहे आणि भोकातून पेट्रोलची वाफ येत असते.

आता पॉइंट. काळवंडलेला असेल तर कानशीचा हलका हात द्या आणि कोऱ्या पुठ्ठ्याने पुसा. एमरी पेपर नको, त्याचे कण धातूत रुततात आणि पॉइंट पुन्हा जळतो. एका बाजूला खड्डा आणि समोर उंचवटा तयार झाला असेल तर फिलरची पाती उंचवट्यावर टेकते आणि गॅप असतो त्यापेक्षा कमी दिसतो. असा पॉइंट सपाट करा, नाहीतर सरळ बदला. इंजिन फिरवत पॉइंट जास्तीत जास्त उघडेल तिथे थांबा आणि गॅप 0.40 मिमी ठेवा: 0.35 ची पाती मोकळी जायला हवी, 0.40 ची किंचित धरून, आणि 0.45 ची अजिबात नाही. स्क्रू आवळताना पॉइंट हमखास थोडा सरकतो, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा मोजा. पाती तेलकट असेल तर पुसून घ्या.

गॅप आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम कधीही उलटा करू नका. गॅप वाढवला की कॅम, म्हणजे क्रँकबरोबर फिरणारा उंचवट्याचा तुकडा, पॉइंटला लवकर उचलतो, म्हणजे टायमिंग पुढे जातं. गॅप कमी केला की मागे येतं. टायमिंग अचूक लावून शेवटी “जरा गॅप बघून घेतो” म्हणणारा आपलंच काम मोडतो.

गॅप झाला की डायल गेज बसवा, इंजिन हळूहळू फिरवा आणि काटा ज्या जागी थांबून उलटा वळतो तिथे शून्य लावा. हा टॉप, म्हणजे पिस्टनची सर्वांत वरची जागा. आता पिस्टन मागे, म्हणजे टॉपच्या आधी पाच-सहा मिमी खाली न्या आणि तिथून इंजिनच्या चालण्याच्या दिशेने सावकाश वर आणा. मोजायच्या जागेवर नेहमी याच दिशेने यायचं. नाहीतर बेअरिंग आणि चेन यांची ढिलाई मोजमापात शिरते. डायनेमोच्या मधल्या बोल्टवर पाना लावून फिरवत असाल तर फक्त पुढच्या दिशेने, उजव्या बाजूने पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. उलटं न्यायचं असेल तेव्हा टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवा, म्हणजे बोल्ट सैल पडणार नाही. दिशेबद्दल शंका असेल तर प्लग काढलेला असतानाच गाडी गिअरमध्ये घालून पुढे ढकला. कॅम ज्या बाजूला फिरेल ती दिशा बरोबर.

बल्बची एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला, जिथे कॉइलची वायर येते तिथे, आणि दुसरी इंजिनच्या बॉडीला. स्विच चालू करा. पॉइंट मिटलेला असताना बल्ब विझलेला राहतो, उघडला की लागतो. या इंजिनांचा आकडा मॉडेलनुसार टॉपच्या आधी 3 ते 4 मिमीच्या पट्ट्यात असतो. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असेल तोच घ्या. इथे उदाहरणापुरता 3 मिमी धरू. पिस्टन वर येताना गेज 3 मिमी दाखवेल त्याच क्षणी बल्ब लागला तर काम झालं. तो 3.6 वरच लागला तर टायमिंग पुढे आहे: प्लेटचे दोन स्क्रू अर्धवट सैल करून प्लेट कॅमच्या फिरण्याच्या दिशेने किंचित सरकवा. 2.4 वर लागला तर मागे आहे, प्लेट उलट दिशेने न्या. सरकवणं म्हणजे केसभर. स्क्रू आवळा, पिस्टन पुन्हा पाच-सहा मिमी खाली नेऊन वर आणा, पुन्हा पाहा. लागोपाठ तीनदा 0.1 मिमीच्या आत तोच आकडा आला की थांबा. 0.05 साठी तासभर झगडण्यात अर्थ नाही.

पॉइंट मिटलेला ठेवून स्विच चालू सोडू नका. कॉइल तापते आणि 6 व्होल्टची बॅटरी बघताबघता उतरते. शेवटी गॅप एकदा तपासा. प्लेटची बैठक झिजलेली असली तर ती सरकवताना गॅपही बदलतो. तसं झालं असेल तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. सगळं जमल्यावर प्लेटच्या कडेवर आणि डायनेमोच्या बॉडीवर सुईने एक सलग रेघ ओढून ठेवा. रस्त्यात पॉइंट बदलायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते.

प्रश्न (कोल्हापूर): माझ्या मित्राकडे राजदूत 350 आहे. तो टायमिंग 2 मिमीवर लावतो. माझी 250 ची जावा 3 च्या पुढे लागते. मोठ्या इंजिनाला कमी आणि लहानाला जास्त, हे कसं? आणि अंशात का मोजत नाहीत?

उत्तर: मिलिमीटरचा आकडा एका इंजिनातून उचलून दुसऱ्यात वापरता येत नाही. पिस्टन किती खाली आहे यावरून क्रँक किती अंश मागे आहे ते स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) आणि कनेक्टिंग रॉडच्या लांबीवर ठरतं. जावाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 65 मिमी आणि स्ट्रोक 75 मिमी, म्हणजे लांब स्ट्रोक. राजदूत 350, अर्थात यामाहाची आरडी 350, दोन सिलिंडरची आहे आणि तिचा बोअर 64, स्ट्रोक फक्त 54. रॉड 140 मिमी धरून जावाचा हिशोब केला तर टॉपच्या आधी 3 मिमी म्हणजे सुमारे साडेवीस अंश, साडेतीन म्हणजे बावीसच्या आसपास आणि 4 मिमी म्हणजे जवळपास 24 अंश. आरडीचा रॉड 110 धरला तर तिचे 2 मिमी म्हणजे सुमारे 20 अंश. दोघं मित्र जवळजवळ एकाच कोनावर आहात. पण त्याने तुमचे 3 मिमी आरडीला लावले तर ते साडेचोवीस अंश होतील आणि पिस्टनची काही खैर राहणार नाही.

अंशात न मोजण्याचं कारणही याच हिशोबात आहे. टॉपपाशी पिस्टन जवळजवळ थबकलेला असतो. जावात टॉपच्या 5 अंश अलीकडे पिस्टन जेमतेम 0.18 मिमी खाली असतो. क्रँकवर अंशांची चकती लावून नुसत्या नजरेने टॉप ठरवला तर तीन-चार अंशांची चूक सहज होते आणि ती पूर्ण टायमिंगमध्ये उतरते. उंची मोजताना हा धोका नाही, कारण गेजचा काटा जिथे उलटतो ती उंची अचूकच असते, क्रँक एखादा अंश इकडेतिकडे असला तरी. चकती वापरायचीच असेल तर टॉप नजरेने ठरवू नका. प्लगच्या भोकात अडसर बसवा, इंजिन हाताने हळूच एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने अडसराला टेकवा आणि दोन आकड्यांचा मध्य घ्या.

प्लग हेडमध्ये तिरका बसणारं इंजिन असेल तर गेजही तिरका जातो आणि खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. 30 अंश तिरक्या भोकातून मोजलेले 3 मिमी पिस्टनच्या सरळ चालीत साधारण 2.6 मिमीच असतात. अशा इंजिनाला चकतीच बरी.

प्रश्न (नाशिक): जुनी जावा. किक कधीकधी पायावर उलटी येते. परवा तर गाडी चालू झाली, पहिला गिअर टाकला आणि गाडी मागे गेली! गिअरबॉक्स बिघडला का?

उत्तर: गिअरबॉक्सला काही झालेलं नाही. इंजिन उलटं फिरत होतं. या इंजिनांत पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली मिश्रणाची आणि धुराची भोकं, पिस्टननेच उघडतात आणि मिटतात, आणि पिस्टन कोणत्या दिशेने आला गेला तरी पोर्टांना फरक पडत नाही. त्यामुळे साधं पोर्टवालं टू-स्ट्रोक उलटंही चालतं. किक अर्धवट बसली, पिस्टन टॉपपर्यंत पोचायच्या आत ठिणगी पडली आणि स्फोटाने तो परत खाली ढकलला गेला की इंजिन उलट्या दिशेने धरतं. आवाज थोडा घोगरा येतो, पण आयडलिंगला सवयीच्या कानालाही पटकन कळत नाही. चार्जिंगवर लक्ष असेल तर ते सांगतं, कारण उलटा फिरणारा डायनेमो चार्जिंग करत नाही.

असं झालं की ताबडतोब स्विच बंद. गिअर टाकून बघायची हौस नको, मागे कोण उभं आहे ते आपल्याला दिसत नसतं.

एखाद्या वेळी हे नीट लावलेल्या गाडीतही होतं, अर्धवट किकेमुळे. वारंवार होत असेल तर टायमिंग पुढे गेलं आहे. पॉइंटचा गॅप आधी मोजा, 0.5 च्या वर सापडला तर नवल नाही. तो 0.40 वर आणला की टायमिंग आपोआप मागे येईल. मग गेज लावून पाहा आणि उरलेली चूक प्लेटने काढा. गॅप बरोबर असूनही टायमिंग बरंच पुढे असेल तर डायनेमोचा रोटर क्रँकच्या टेपरवर नीट बसला आहे का ते बघा. टेपरवर कचरा राहिला किंवा बैठकीची खाच झिजली की रोटर थोडा वळून बसतो आणि त्याच्याबरोबर कॅमही.

प्रश्न (रत्नागिरी): राजदूत 175. पॉइंट बदलले. टायमिंग थोडं मागे वाटलं म्हणून मिस्त्रीने गॅप वाढवून ते पुढे घेतलं. आता थंड इंजिन लगेच चालू होतं, गरम झालं की किक मारून मारून पाय दुखतो. कॉइल गेली का?

उत्तर: कॉइलवर संशय घेण्याआधी तो गॅप पूर्ववत करा. तुमच्या गाडीत बॅटरीवरचं इग्निशन नाही, फ्लायव्हील मॅग्नेटो आहे. चुंबक फिरतात आणि करंट कॉइलमध्येच तयार होतो. चुंबकाची धार कॉइलच्या पायापासून ठराविक अंतर सोडते त्या क्षणी करंट सर्वांत जोराचा असतो, आणि पॉइंट तेव्हाच उघडायला हवा. गॅप वाढवून टायमिंग पुढे घेतलं की पॉइंट त्या क्षणाच्या आधीच उघडतो. करंट तुटतो, पण कमी जोराचा. ठिणगी पडते पण फिकट. थंड इंजिनाला ती पुरते. गरम झाल्यावर कॉइलच्या तारेचा रोध वाढतो, इन्शुलेशनही कमकुवत पडतं, आणि किकेच्या हळू वेगाला ठिणगी उरत नाही.

म्हणून मॅग्नेटोच्या गाडीत गॅप 0.35 ते 0.45 च्या आतच ठेवायचा आणि टायमिंग फक्त स्टेटर प्लेट फिरवून लावायचं. प्लेटवर कॉइल आणि पॉइंट दोन्ही एकत्र असल्यामुळे ती फिरवली तरी चुंबकाशी असलेलं नातं बिघडत नाही.

इथे बल्बची युक्ती चालत नाही. पॉइंट उघडा असला तरी कॉइलच्या तारेतून रस्ता मोकळाच असतो. पतंगाचा पातळ कागद पट्टी कापून पॉइंटमध्ये अडकवा, हलका ताण ठेवा आणि फ्लायव्हील फिरवा. कागद निसटू लागेल तो उघडण्याचा क्षण. नंतर पॉइंट पुसायला विसरू नका, कागदाचा एखादा तंतू अडकला तरी गाडी चालू होत नाही. मीटर वापरायचा असेल तर कॉइलची वायर सोडवून घ्या.

प्लेट पूर्ण एका टोकाला नेऊनही टायमिंग जमत नसेल तर फ्लायव्हील काढून क्रँकवरची अर्धचंद्राकृती चावी पाहा. ती अर्धवट कापली गेली की फ्लायव्हील काही अंश सरकून बसतं आणि वरून काही कळत नाही. फ्लायव्हील पुलरनेच काढा. हातोडीने ठोकून काढलं तर क्रँक वाकडी होते आणि चुंबकांचा जोरही जातो.

प्रश्न (पुणे): डायल गेजने लावलेलं टायमिंग 300 किमीत मागे येतं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. स्ट्रोबने (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने) पाहिलं तर खूण एका जागी थांबत नाही, थरथरते.

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यासारखं दिसतं. मागे येणं म्हणजे गॅप कमी होतोय, आणि गॅप कमी होतो तो पॉइंटची कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजल्यामुळे. नवी टाच पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये जरा लवकर बसते, तेवढं साहजिक आहे. म्हणून नवा पॉइंट टाकला की तेवढ्या अंतरानंतर गॅप आणि टायमिंग एकदा पुन्हा बघायचंच. त्यानंतरही झिजत राहिली तर कॅमवर गंज आहे, किंवा कॅमला पुसणारी नमद्याची पट्टी कोरडी पडली आहे. पट्टीला मोटर ऑइलचे दोन-तीन थेंब पुरतात. पाच-सहा टाकले तर ते उडून पॉइंटवर जातं आणि पॉइंट काळे पडतात. बाजारातल्या स्वस्त पॉइंटांची टाच मऊ असते, हेही एक कारण असू शकतं. कॅम गुळगुळीत असूनही टाच खाल्ली जात असेल तर पॉइंटचा ब्रँड बदलून पाहा.

थरथरणाऱ्या खुणेचं कारण मात्र क्रँकचं बेअरिंग असण्याची शक्यता जास्त. कॅम क्रँकच्या टोकावरच आहे. बेअरिंग ढिलं असलं की कॅम गोल फिरत नाही, थोडा हेलकावतो, आणि प्रत्येक फेरीत पॉइंट वेगळ्या वेळी उघडतो. तपासणी सोपी आहे. पॉइंट पूर्ण उघडा ठेवून गॅप मोजा, रोटर हाताने वर उचलून मोजा, खाली दाबून मोजा. तिन्ही आकड्यांत 0.05 मिमीपेक्षा जास्त फरक आला तर पॉइंट बदलून काहीही साध्य होणार नाही. बेअरिंग बदला आणि त्याच वेळी उजव्या बाजूचं ऑइल सीलही. त्या सीलमधून पेट्रोल-तेलाचा धूर डायनेमोत येत असेल तर आतून तेलकट थर दिसेल.

तुमची गाडी 6 व्होल्टची असावी आणि बहुतेक स्ट्रोब 12 व्होल्टचे. स्ट्रोबला वेगळी 12 व्होल्टची बॅटरी लावा, नाहीतर त्याचाच उजेड अडखळतो आणि खूण थरथरल्यासारखी वाटते. हे आधी करून बघा, कदाचित बेअरिंगचा खर्च वाचेल. जावा-येझदीच्या इंजिनात टायमिंग वेगाबरोबर आपोआप पुढे सरकवणारी यंत्रणा नाही, त्यामुळे आयडलिंगला आणि मिनिटाला 3,000 फेऱ्यांना खूण एकाच जागी दिसली पाहिजे.

प्रश्न (सोलापूर): उन्हाळ्यात हायवेवर पिस्टनला मधोमध भोक पडलं. प्लग पांढरा होता. मिस्त्री म्हणतात टायमिंग मागे घ्या, म्हणजे पुन्हा होणार नाही.

उत्तर: टायमिंग पुढे असणं हे त्याचं एक कारण असू शकतं, पण एकमेव नाही, आणि अंदाजाने मागे घेणं हा उपायही नव्हे. टायमिंग फार मागे असेल तर जाळ उशिरा लागतो, धूर बाहेर पडताना अजून जळत असतो, एक्झॉस्टचा बेंड निळा पडतो आणि सिलिंडरची एक्झॉस्टकडची बाजू तापते. गाडी मंद होते, म्हणून माणूस आणखी एक्सलरेटर पिळतो. त्यानेही पिस्टन पकडतो.

नवा पिस्टन टाकण्याआधी तपास या क्रमाने करा. आधी हवेची गळती: कार्बोरेटरचा जोड, सिलिंडरच्या तळाचं गॅसकेट, क्रँकची दोन्ही सीलं. इंजिन आयडलवर ठेवून जोडांवर डब्ल्यूडी-40 चा हलका फवारा मारा. आवाज बदलला तर हवा तिथून शिरतेय. त्यानंतर कार्बोरेटरचा मेन जेट अर्धवट बुजलाय का, पेट्रोलचा कॉक पूर्ण धार देतोय का, टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र मोकळं आहे का.

मग प्लग. इथे फार गफलत होते. एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशच्या आताच्या क्रमांकात उलट, आकडा लहान तितका थंड. आणि बॉशचेच जुने तीन आकडी क्रमांक, 175 किंवा 225 असे, पुन्हा मोठा आकडा म्हणजे थंड. जुन्या पुस्तिकेतला आकडा नव्या डब्यावर शोधून गरम प्लग लावला गेला तर टायमिंग बिनचूक असूनही पिस्टन वितळतो, कारण प्लगचं टोक लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं.

जुना प्लग टाकला नसेल तर भिंगातून पाहा. चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे चकचकीत बारीक कण दिसले तर ते पिस्टनचे. पिस्टनची कड कुरतडल्यासारखी असेल तर ते नॉकिंगचं, म्हणजे मिश्रण आपोआप धडाक्याने पेटण्याचं, काम, आणि तिथे टायमिंगवर पहिला संशय. तुमच्यासारखं मधोमध भोक असेल तर पातळ मिश्रण आणि गरम प्लग आधी बघा. एवढं झाल्यावर टायमिंग पुस्तिकेतल्या आकड्यावर मोजून लावा.

प्रश्न (ठाणे): पंपावर आता ई-20 (20 टक्के इथेनॉलचं) पेट्रोलच मिळतं. त्यासाठी टायमिंग बदलायचं का?

उत्तर: नाही. इथेनॉल नॉकिंग उलट कमी करतं. अडचण वेगळी आहे: इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं. प्लग फिकट दिसू लागला तर मेन जेट एक आकड्याने मोठा करा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामे करून ठेवा. ओलावा धरलेलं पेट्रोल थर सोडतं आणि पाणी तळाला, म्हणजे नेमकं कॉकपाशी जमतं.

प्रश्न (सातारा): राजदूत 350 चं एक एक्झॉस्ट दुसऱ्यापेक्षा जास्त तापतं. दोन्ही पॉइंटचे गॅप सारखे, 0.35 आहेत. मग टायमिंगही सारखंच असणार ना?

उत्तर: नसतं. एकाच कॅमवर दोन पॉइंट असले तरी टाचांची झीज वेगळी, बैठक वेगळी. दोन्ही सिलिंडर स्वतंत्र मोजावे लागतात. ज्या सिलिंडरचा पॉइंट थेट मुख्य प्लेटवर आहे तो आधी लावा, मुख्य प्लेट फिरवून. मग डायल गेज दुसऱ्या प्लगच्या भोकात हलवा, शून्य नव्याने लावा आणि दुसरा पॉइंट त्याच्या स्वतःच्या छोट्या पट्टीने सरकवा. क्रम उलटा केला तर दुसरं लावलेलं पहिल्यामुळे हलतं. बल्ब लावताना तो त्या-त्या पॉइंटच्याच वायरीला लागलाय ना, हे बघून घ्या.

दोन्हींत 0.1 मिमीच्या आत फरक आला आणि तरीही एकच बाजू तापत असेल तर टायमिंग सोडा. त्या बाजूच्या कार्बोरेटरची स्लाइड दुसरीबरोबर एकदम उचलली जाते का आणि त्या बाजूचं क्रँक सील धरतंय का ते पाहा.

प्रश्न (बेळगाव): कंडेन्सर गेलाय की कॉइल, हे कसं ओळखायचं?

उत्तर: अंधारात इंजिन चालू ठेवून पॉइंटकडे पाहा. उघडताना बारीक निळसर ठिणगी चालते. मोठी पिवळी ठिणगी सतत दिसत असेल आणि पॉइंट थोड्याच दिवसांत काळे पडत असतील तर पॉइंटवरची ठिणगी आवरणारा कंडेन्सर गेला. कपॅसिटी मोजणारा मीटर असेल तर आकडा साधारण 0.2 ते 0.3 मायक्रोफॅरडच्या आत हवा. पॉइंट स्वच्छ, कंडेन्सर नवा, बॅटरी भरलेली, आणि तरी प्लगवरची ठिणगी गाडी तापल्यावरच हरवत असेल तर कॉइल. रस्त्यात कंडेन्सर गेला तर दुसऱ्या कोणत्याही पॉइंटवाल्या स्कूटरचा बाहेरून जोडा: बॉडी इंजिनला, वायर पॉइंटच्या टर्मिनलला. घरापर्यंत गाडी येते.

प्रश्न (जळगाव): आरएक्स 100 मध्ये पॉइंट नाहीत. तिचं टायमिंग कधी बघायचं?

उत्तर: सीडीआय, म्हणजे पॉइंटशिवायचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, झिजणारं काही नाही, त्यामुळे नेमाने बघायची गरज नाही. फ्लायव्हील कधी काढलं असेल आणि त्यानंतर गाडी मंद झाली किंवा किक उलटी येऊ लागली, तर क्रँकवरची चावी आणि मॅग्नेटच्या प्लेटचे स्क्रू पाहा. ते ठीक असतील तर दोष कार्बोरेटरमध्ये किंवा सायलेन्सरच्या कार्बनमध्ये शोधा.